जिभेची तालीम

जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकवायचं आणि टाळूवरून घासत जमेल तितकं मागे न्यायचं. वीस वेळा. मग अख्खी जीभ वर ओढून टाळूला चिकटवून धरायची, तीही वीस वेळा. मग टोक खालच्या दातांशी ठेवून जिभेचा मागचा भाग खाली दाबायचा. मग तोंड उघडून 'आ' म्हणत पडजीभ वर उचलायची. ती खरंच उचलली जातेय का, हे आरशात बघायचं. शेवटी तर्जनी गालाच्या आत घालून गाल बाहेर ढकलायचा आणि गालाने बोटाला आत रेटायचं, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. सगळं मिळून आठ मिनिटं, दिवसातून तीनदा.

आमच्याकडे सकाळची ही तालीम कुकरच्या शिट्ट्या होत असताना बेसिनच्या आरशासमोर चालते. तालीम म्हणतो तो नवराच. तो सांगलीचा, लहानपणी काकांबरोबर आखाड्यात जाऊन बसलेला, आणि घाम न येणाऱ्या व्यायामाला व्यायाम म्हणायची त्याची अजून मनापासून तयारी नाही. घरकामाच्या मावशींनी पहिल्यांदा त्याला आरशासमोर टॉक् टॉक् करताना पाहिलं तेव्हा त्या स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाल्या, "ताई, साहेबांना बरं नाही का?" मी म्हटलं, बरं वाटावं म्हणूनच चाललंय.

त्याला स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घसा मिटतो आणि श्वास थांबतो, तो आजार. ज्याला तो होतो त्याची आणि आजाराची कधी गाठच पडत नाही, हे मला त्यातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. दाढ दुखली तर ज्याची त्याला कळते. हा आजार शेजारी झोपलेल्या माणसाला दिसतो, ऐकू येतो, त्या माणसाची झोप उडवतो, आणि रुग्ण सकाळी चहाचा घोट घेत म्हणतो, "काय मस्त झोप लागली होती काल!"

माझ्या सासरी घोरण्याला मान आहे. मामंजी ओसरीवर झोपले की माजघरात कळायचं, हे अजूनही कौतुकाने सांगतात. घोरतोय म्हणजे गाढ झोपलाय, गाढ झोपलाय म्हणजे मनाला काही खात नाही, असा त्या घराचा सरळ हिशोब. महालक्ष्मी एक्स्प्रेसने आम्ही रात्री निघालो की साताऱ्याच्या आत नवऱ्याचा सूर लागायचा आणि वरच्या बर्थवरची मंडळी खाली डोकावून बघायची. मी खिडकीबाहेर बघत बसायचे, जणू हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत.

लाजेचं काही नव्हतं, पण काळजीचं होतं, आणि काळजीचं कारण आवाज नव्हता. आवाज चढत जायचा आणि एकदम तुटायचा. त्यानंतरची शांतता मी अंधारात ऐकायचे. छाती हलताना दिसायची, पोट हलताना दिसायचं, पण नाकातोंडातून काही येत-जात नसायचं. मग एक मोठा घुसमटलेला हुंकार, कुशीवर वळणं, आणि पुन्हा घोरणं सुरू. पहाटे हे सगळं वाढायचं. त्याचं कारण मला पुष्कळ नंतर कळलं: स्वप्नं पडतात ती झोप रात्रीच्या शेवटच्या प्रहरात जास्त असते, आणि त्या झोपेत शरीराचे बहुतेक स्नायू जवळजवळ पूर्ण सैल सोडलेले असतात.

मी सांगायचे, तो मानायचा नाही. मानावं तरी कशावरून? दुपारी टीव्हीसमोर डुलकी लागते ती वयामुळे, रक्तदाबाची गोळी वाढली ती ऑफिसमुळे, सकाळी डोकं जड होतं ते रात्री उशिरा जेवल्यामुळे. प्रत्येकाला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण पटण्यासारखं होतं. शेवटी फॅमिली डॉक्टरांनीच रक्तदाबावरून त्याच्या गळ्याचं माप घेतलं. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग यांनी 2008 साली एक छोटी प्रश्नावली तयार केली, ती आता जगभर वापरतात: घोरता का, दिवसा थकवा असतो का, श्वास थांबताना कोणी पाहिलंय का, रक्तदाब आहे का; आणि वजन, वय, गळ्याचा घेर, पुरुष की स्त्री. आठ प्रश्न. त्यातला तिसरा प्रश्न रुग्णाला विचारून उपयोगच नाही. डॉक्टरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी साक्ष कोणी तरी नोंदवून घेतली.

स्लीप स्टडी घरीच झाली. छातीला पट्टा, नाकाखाली नळी, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा. रिपोर्टमध्ये एक आकडा येतो, त्याला एएचआय म्हणतात. तासाभरात किती वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा ऑक्सिजन खाली जाईल इतका उथळ झाला, त्याची ती सरासरी. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तिसाच्या वर गंभीर. नवऱ्याचा आला 27. त्याने गुणाकार करून बघितला, सात तासांच्या झोपेत 189 वेळा. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत तो काही बोलला नाही.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या 35 ते 65 वयाच्या पुरुषांची पाहणी केली होती, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. त्यात साडेएकोणीस टक्के पुरुषांचा झोपेतला श्वास अडखळत होता, आणि साडेसात टक्क्यांना त्याबरोबर दिवसाची पेंगही होती. म्हणजे आपल्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मागच्या रांगेत पेंगणाऱ्यांपैकी सगळेच अहवालाला कंटाळून पेंगत नसतात.

श्वास का थांबतो, याचं उत्तर घशाच्या घडणीत आहे. नाकाच्या पोकळीला हाडाची भिंत आहे. खाली स्वरयंत्राला आणि श्वासनळीला कूर्चेचा सांगाडा आहे. मधला जो पट्टा आहे, मऊ टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा, त्याला कडक आधारच नाही. तिथे हायॉइड नावाचं एक नालाच्या आकाराचं हाड आहे खरं, पण तेही शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही. स्नायू आणि बंध यांनीच ते लटकवून धरलंय. गिळायचं, बोलायचं, गायचं तर ही जागा लवचीकच हवी. जागेपणी तिथले स्नायू ती उघडी ठेवतात. त्यात मुख्य काम जिभेच्या सगळ्यात मोठ्या स्नायूचं, तो जिभेला पुढे ओढून धरतो. झोप लागली की तो ढिला पडतो, जीभ मागे घसरते, मऊ टाळू लोंबतो. ओल्या झालेल्या कागदी स्ट्रॉने शहाळं प्यायला गेलं की जोर लावावा तितकी ती आत चिकटते, तसं मग होतं. श्वास घ्यायला छाती जोर लावते, त्या ओढीनेच वाट आणखी मिटते. ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, स्नायू ताठ होतात, हवा आत घुसते. या अर्धवट जागेपणाची आठवण राहत नाही, म्हणून "मस्त झोप लागली होती".

डॉक्टरांनी सीपॅप मशीन सांगितलं. नाकावर, नाहीतर नाक-तोंड दोन्हींवर, मास्क लावायचा, मशीन ठरावीक दाबाने हवा सोडत राहतं, त्या दाबाने घसा मिटत नाही. सिडनीचे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ही युक्ती 1981 साली जगासमोर मांडली. सुरुवातीच्या यंत्रात व्हॅक्यूम क्लीनरची मोटर बसवलेली होती. चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला, इतका हमखास उपाय दुसरा आलेला नाही. पण हमखास उपाय रोज रात्री तोंडावर बांधावा लागतो. नवऱ्याने तो दुकानात लावून पाहिला, आरशात पाहिलं आणि काढून ठेवला. किंमत पाच आकडी होती, पण अडलं ते किमतीवर नाही. "मी काय आयसीयूत आहे का?" एवढंच म्हणाला.

व्यायामाचं नाव तेव्हा निघालं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की याने मशीन चुकेल असं समजू नका, पण करून बघायला हरकत नाही, आणि एका स्पीच थेरपिस्टचा पत्ता दिला. मला वाटायचं, स्पीच थेरपिस्ट म्हणजे बोबडं बोलणारी मुलं आणि पक्षाघातानंतर वाचा गेलेले लोक. तिथे तसेच लोक होते. ती थेरपिस्ट लातूरकडची, पंचविशीतली. पहिल्याच दिवशी म्हणाली, "काका, तोंड मिटून नाकाने श्वास घेता येतो का बघू." काकांना येत नव्हता, फार वेळ तर नाहीच. तोंड आपोआप उघडायचं. शेजारच्या खुर्चीवर एक सात-आठ वर्षांची मुलगी होती, तिच्या नाकामागच्या गाठींचं ऑपरेशन झालं होतं पण तोंडाने श्वास घ्यायची सवय सुटली नव्हती. तिला आणि काकांना एकच व्यायाम दिला. ती जीभ टाळूला सपाट चिकटवून सहज धरून ठेवायची. काकांच्या जिभेचं टोक तेवढं लागायचं, मागचा भाग खालीच. तिने एकदा स्वतःचं तोंड उघडून त्यांना आत बोटाने दाखवलं, कुठपर्यंत न्यायची ते. माझ्या मते नवऱ्याने तालीम मनावर घेतली ती तिथून.

या व्यायामांची मोजून-मापून परीक्षा झाली ती ब्राझीलमध्ये. साओ पावलो विद्यापीठाच्या हृदयरोग संस्थेत काटिया गिमाराइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्यम अ‍ॅप्निया असलेले 31 रुग्ण घेतले. एका गटाला जीभ, मऊ टाळू, गाल, चावणं-गिळणं यांचे व्यायाम दिले, रोज अर्धा तास. दुसऱ्या गटाला नुसतं दीर्घ श्वसन. तीन महिन्यांनी पहिल्या गटाचा एएचआय सरासरी 22.4 वरून 13.7 वर आला. दुसऱ्या गटात सुधारणा नाही. हे 2009 साली छापून आलं. त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते: व्यायाम करणाऱ्यांचं वजन बदललं नव्हतं, पोटाचा घेर बदलला नव्हता, पण गळ्याचा घेर एका सेंटिमीटरने कमी झाला होता. 2015 साली तिथल्याच लोकांनी व्यायाम आटोपशीर केले, आठ मिनिटं तीनदा, आणि नुसतं घोरणाऱ्या व सौम्य-मध्यम अ‍ॅप्निया असलेल्या 39 जणांवर करून पाहिले. घोरण्याची वारंवारता 36 टक्क्यांनी उतरली. आमच्या आरशासमोर चालते ती ही धाकटी आवृत्ती.

आता हे आकडे वाचून हुरळून जाण्याआधी ते कितीशा लोकांवरचे आहेत ते बघावं. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने 2020 साली अशा व्यायामांवरच्या नऊ अभ्यासांची छाननी केली, त्यांत मिळून माणसं 347. निष्कर्षात दिवसाची पेंग कमी होते असं दिसतं, पण पुराव्याचा भरवसा त्यांनी बेताचाच ठरवला. आणि एएचआय सरासरी अर्ध्याने उतरला असं धरलं तरी 27 चे तेरा-चौदा होतात. ते बरं होणं नव्हे, मध्यमातून सौम्यात येणं. ज्याचा आकडा साठ आहे त्याने अर्ध्यावर येऊन काय मिळवलं? तो गंभीरच्या उंबऱ्यावर तसाच उभा.

पण मला खरं कोडं पडलं ते वेगळंच. स्नायू झोपेत ढिले पडतात हाच जर आजार, तर जागेपणी ते बळकट करून काय साधणार? दंड-बैठका मारलेल्या पैलवानाचा हातही झोपेत लोंबकळतोच की. त्यात आणखी एक गुंता आहे. अ‍ॅप्नियाच्या रुग्णांच्या जिभेच्या स्नायूत सुया घालून मोजलं तेव्हा दिसलं, की जागेपणी त्यांची जीभ निरोगी माणसापेक्षा जास्त राबत असते. वाट अरुंद असल्यामुळे ती उघडी ठेवायला तिला दिवसभर जादा ड्यूटी करावी लागते. झोप लागली की ही जादा मेहनत बंद पडते आणि घसा मिटतो. म्हणजे जीभ आळशी आहे म्हणून तिला कामाला लावा, इतकं हे सोपं नाही.

मी थेरपिस्टला विचारलं. तिने प्रामाणिकपणे दोन-तीन शक्यता सांगितल्या. एक, सवय. तोंड मिटलेलं, जीभ टाळूला टेकलेली, श्वास नाकाने, ही ठेवण दिवसा इतकी मुरवायची की झोपेत शिरतानाही तोंड उघडं पडू नये. तोंड उघडलं की जबडा खाली-मागे जातो आणि जिभेमागची जागा आणखी कमी होते. दोन, मांस बदलतं. सतत काम करणाऱ्या स्नायूवरची सूज आणि चरबी कमी होत असावी; गळ्याचं ते एक सेंटिमीटर तिकडेच बोट दाखवतं. जिभेतही चरबी साठते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लठ्ठ रुग्णांचे वजन घटवण्याआधीचे आणि नंतरचे एमआरआय ताडून पाहिले. वजन सरासरी दहा टक्क्यांनी उतरलं, अ‍ॅप्निया 31 टक्क्यांनी, आणि घशाच्या भागातल्या बदलांपैकी सुधारणेशी सगळ्यात घट्ट नातं निघालं ते जिभेतली चरबी घटण्याचं. पोट दिसतं म्हणून आपण पोटाला नावं ठेवतो, जाड झालेली जीभ कोणाला दिसते!

तिसरी शक्यता सांगताना तिने खांदे उडवले आणि म्हणाली, "वाजवणाऱ्यांना विचारा."

वाजवणाऱ्यांची गोष्ट खरोखरच मजेची आहे. डिजरीडू म्हणजे उत्तर ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांचं वाद्य, वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं. त्यात अखंड फुंकर लागते. गालात हवा साठवून ती बाहेर ढकलत असतानाच नाकाने नवी आत घ्यायची. स्वित्झर्लंडमधले डिजरीडूचे शिक्षक अलेक्स सुआरेझ यांच्या लक्षात आलं, की काही महिने वाजवल्यावर आपलं आणि काही शिष्यांचं घोरणं आणि दिवसाची पेंग कमी झालीय. झुरिकच्या डॉक्टरांनी हे मनावर घेतलं. पंचवीस रुग्ण, चार महिने. निम्मे वाजवणार, निम्मे प्रतीक्षायादीत. वाजवणारे आठवड्यातले जवळपास सहा दिवस, सरासरी 25 मिनिटं वाजवत होते, तेही प्लास्टिकचे डिजरीडू. दिवसाची झोप कमी झाली, एएचआय उतरला. हा अभ्यास 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला आणि 2017 साली त्याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. कोणत्या विषयातलं? शांततेचं. मला तर ते पूर्ण गांभीर्याने द्यायला हरकत नाही असं वाटतं, कारण त्या अभ्यासातली माझी आवडती नोंद अशी आहे: वाजवणाऱ्यांनी स्वतःच्या झोपेचा दर्जा काही फार सुधारल्याचं सांगितलं नाही, पण शेजारी झोपणाऱ्यांची झोपमोड मात्र स्पष्ट कमी झाली. कोणीतरी आम्हालाही विचारलं होतं तर!

अखंड फुंकर आपल्याला काही परकी नाही. जव्हार-डहाणूकडे वारली लोकांचा तारपा आहे, वाळवलेला दुधी, बांबू आणि ताडाची पानं यांचा. नाचाचं रिंगण त्याच्याभोवती रात्रभर फिरतं आणि तारपकरी फुंकर तुटू देत नाही. सनईवाले आहेत. अमेरिकेत 2012 साली वादकांची एक पाहणी झाली, तिच्यात ओबो-बासून अशी दुहेरी पत्तीची वाद्यं वाजवणाऱ्यांना अ‍ॅप्नियाचा धोका कमी दिसला. बाकी फुंकवाद्यांत तसा फरक नव्हता. सनईलाही दुहेरी पत्तीच असते. आपल्या लग्नात पहाटेपासून चौघड्याबरोबर गाल फुगवून बसणाऱ्या माणसांचे घसे कोणी तपासून पाहावेत, अशी माझी फार इच्छा आहे.

नवरा सनई शिकणार नव्हता. पण तो सोसायटीच्या भजनी मंडळात आहे, आणि इंग्लंडात एक्सेटरच्या रुग्णालयात घोरणाऱ्यांना गाण्याचे व्यायाम देऊन अभ्यास झालाय, त्यात दिवसाची पेंग आणि घोरण्याची वारंवारता उतरली, असं वाचल्यावर त्याने लगेच जाहीर केलं की माझा व्यायाम दर गुरुवारी होतोच. मग मंडळातल्याच एकाने बप्पी लाहिरींचं नाव काढलं. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत ते गेले, आणि डॉक्टरांनी कारण सांगितलं ते झोपेतल्या याच आजाराचं. जन्मभर गाणारा माणूस. टाळ थोडा वेळ थांबले. एक्सेटरच्या व्यायामात अभंग नसतात. तिथे एकेक स्वर, एकेक अक्षर मऊ टाळू उचलण्यासाठी निवडलेलं असतं आणि ते रोज करायचं असतं. आपलं ङ आणि ग आलटून पालटून म्हणून बघा, घशाच्या पाठीमागे काहीतरी उघडतं-मिटतं ते कळेल. शाळेत ङ कधी कामाला आला नाही, इथे आला.

याच दिवसांत मोबाइलवर रील्सचा पूर आला. कोणी सिंहमुद्रा करून सात दिवसांत घोरणं बंद करत होतं, कोणी झोपताना ओठांवर चिकटपट्टी लावायला सांगत होतं. चिकटपट्टीचा मला राग आहे. ज्याचं नाक चोंदलंय, ज्याचा श्वास आधीच रात्रभर अडकतोय, त्याचं तोंडही बंद करायचं? आणि तपासणी न करता व्यायाम सुरू करण्यातही एक धोका आहे, तो कोणी सांगत नाही. व्यायामाने आवाज कमी होतो. आवाज कमी झाला की घरातले निर्धास्त होतात. श्वास मात्र तितकाच थांबत असू शकतो, आता फक्त गुपचूप.

काही महिन्यांनी नवऱ्याची पुन्हा तपासणी झाली. 27 चे 16 झाले होते. त्याला पेढे वाटायचे होते. पण या काळात त्याने रात्रीचं पिणं सोडलं होतं (दारूने हे स्नायू आणखी ढिले पडतात), वजन चार-पाच किलो उतरलं होतं, आणि मी त्याला उताणं झोपू देत नव्हते. यातलं कशाने किती उतरलं? साओ पावलोच्या लोकांनी दुसरा गट ठेवला होता तो याचसाठी. मला दुसरा नवरा नाही, त्यामुळे आमच्या घरापुरतं या प्रश्नाचं उत्तर मिळणार नाही. डॉक्टर म्हणाले, सोळा म्हणजे अजून मध्यमच, आणि रक्तदाब आहे. मशीन घ्या.

घेतलं. आणि इथे व्यायामाचा मला न सुचलेला उपयोग झाला. नाकाने श्वास घ्यायची सवय लागलेली होती, तोंड मिटून राहत होतं, त्यामुळे फक्त नाकाचा लहान मास्क पुरला. दुकानात पाहिलेलं ते मोठं प्रकरण लागलं नाही. ब्राझीलमध्येच शंभर पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासात नुसतं मशीन दिलेल्यांपेक्षा मशीनबरोबर व्यायामही करणाऱ्यांनी मशीन जास्त नेमाने वापरलं, ते मी नंतर वाचलं. कारण कदाचित नाकाचंच असेल. कदाचित असंही असेल, की आजाराशी दिवसा काहीतरी स्वतः करणाऱ्या माणसाला रात्री मशीन लावून घेताना कमीपणा वाटत नाही. नवऱ्याच्या बाबतीत तरी मी हे दुसरं खरं धरते. आता दिवसा जिभेला वीस मिनिटं विजेचे झटके देऊन तिच्याकडून व्यायाम करवणारं उपकरण निघालंय, सौम्य अ‍ॅप्नियासाठी त्याला 2021 मध्ये अमेरिकेत परवानगीही मिळाली. मी सांगितल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे तालमीला नोकर ठेवायचा!"

आता रात्री मशीनचा बारीक सूं सूं आवाज असतो. मला लवकर झोप लागते, आणि नवरा पहाटे ताजातवाना उठून बसतो. हे इतकं चांगलं चाललं असताना मागच्या महिन्यात तो चहा घेताना म्हणाला, "तूही घोरतेस."

मी म्हटलं, काहीतरीच.

"घोरतेस. मधे थांबतेससुद्धा."

पाळी गेल्यानंतर बायकांत हे प्रमाण वाढतं, हे मला माहीत आहे. याच काळात मी इतकं वाचलंय. बायकांत ते बऱ्याचदा थकवा, सकाळची डोकेदुखी, रात्रीची तुटक झोप अशा रूपात येतं आणि कामाच्या रगाड्यावर खपून जातं, हेही माहीत आहे. मुंबईची ती पाहणी फक्त पुरुषांची होती, हे तर मी मघाशी लिहिलंच. तरी त्याने मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग ऐकवलं तेव्हा मी म्हटलं, हा पंख्याचा आवाज आहे. त्याने पंखा बंद करून पुन्हा रेकॉर्ड केलं. मग मी म्हटलं, हे तुझं मशीन आहे.

तपासणी दिवाळीनंतर करायची ठरली आहे. दिवाळीआधीची तारीख मिळत होती, पण फराळाच्या गडबडीत कुठे ते पट्टे बांधून झोपायचं, असं माझं म्हणणं पडलं. तोवर सकाळी बेसिनपाशी मला जागा करून देण्यात आली आहे. नवरा आकडे मोजतो. वीस झाले की सांगतो, आणि माझी जीभ मागच्या बाजूला टाळूला टेकत नाही, हे त्याला आरशातून बरोबर दिसतं.